नव्या विश्वासणाऱ्याची सोबत कशी करावी : बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या वर्षासाठी

बाप्तिस्म्याच्या रविवारी मंडळी ज्या उत्साहाने जमते, त्या उत्साहाने ती तिसऱ्या महिन्यात त्याच माणसाच्या दारी क्वचितच जाते. हार, फोटो, पाळकसाहेबांचे चार शब्द आणि प्रीतिभोजन हे सारे एका दिवसात आटोपते. त्यानंतर नव्या विश्वासणाऱ्याच्या वाट्याला येतात ते घरातले अबोले, शेजाऱ्यांचे खोचक प्रश्न, न समजणारी शास्त्रवचने आणि आपण केले ते बरोबर केले ना, ही रात्री छळणारी शंका. मंडळीचे पंच, महिला मंडळाच्या कार्यकर्त्या, तरुण संघाचे पुढारी आणि ज्यांना कोणी तरी ‘या नव्या भावाकडे जरा लक्ष द्या’ असे मोघमपणे सांगितले आहे, अशा सर्वांसाठी हे लिहिले आहे. माझे म्हणणे असे की, नव्या माणसाला पहिल्या वर्षी जादा सभांची गरज नसते. त्याच्यासाठी वेळ राखून ठेवणारा आणि त्याच्या डोळ्यांदेखत प्रामाणिकपणे जगणारा एक माणूस त्याला लागतो.

आधी माणूस ठरवावा, मग अभ्यासक्रम

नव्या करारातील प्रेषितांच्या कृत्यांमध्ये या कामाचा नमुना पहिल्या मंडळीतील बर्णबाच्या रूपाने आपल्यासमोर आहे. शौल, म्हणजे पुढचा पौल, यरुशलेमेत आला तेव्हा शिष्य त्याला भीत होते, आणि त्यांच्या भीतीला कारणही होते : आधी त्यानेच मंडळीचा छळ केला होता. तेव्हा बर्णबाने त्याला प्रेषितांकडे नेले आणि त्याच्यासाठी आपला शब्द खर्ची घातला (९:२६–२७). पुढे अंत्युखियात परराष्ट्रीयांनी विश्वास ठेवल्याची बातमी आली, तेव्हाही मंडळीने त्यालाच पाठवले. तेथे पोहोचल्यावर त्याने चौकशी समिती नेमली नाही. देवाची कृपा पाहून तो आनंदित झाला, लोकांना प्रभूला धरून राहण्यास उत्तेजन दिले, काम आपल्या एकट्याच्या आवाक्याबाहेरचे आहे हे ओळखून तार्सास जाऊन शौलाला शोधून आणले आणि दोघांनी मिळून वर्षभर शिक्षण दिले (११:२२–२६). नव्या माणसासाठी रदबदली करणे, त्याच्यातले चांगले आधी पाहणे, गरज पडल्यास दुसऱ्याची मदत घेणे आणि वर्षभर टिकून राहणे, या चार गोष्टी ज्याच्याकडून होतील त्यालाच सोबती म्हणून नेमावे.

हा सोबती शक्यतो पाळक नसावा. पाळकांकडे लग्ने, अंत्यविधी, ट्रस्टचे कागद आणि तीन-तीन गावांच्या उपासना असतात. शिवाय नवा माणूस पाळकांसमोर साहजिकच आपली चांगली बाजू मांडतो. पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्री सोबती असावी, हा नियम जुनाट वाटला तरी मोडू नये, कारण आपल्याकडे एका अफवेने वर्षाचे काम वाया जाते. सोबती फार विद्वान नसला तरी चालेल, परंतु त्याचे घर जवळ असावे, त्याला आठवड्यातून एक तास नियमित देता यावा आणि ऐकलेली गोष्ट पोटात ठेवता यावी. जुन्या मिशन केंद्रांत बायबलबाई घरोघर जाऊन नेमके हेच करत असत. त्यांच्या हातात वचनांची पुस्तिका असे, पण घरातल्या बाईच्या शेजारी चुलीपाशी बसून तिचे ऐकून घेणे हे त्यांचे निम्मे काम होते.

पहिल्या भेटीत काही शिकवू नये. माणूस येथवर कसा आला, घरात कोणाला माहीत आहे, कोणाची भीती वाटते, लिहिता-वाचता येते का, कामाच्या पाळ्या कशा असतात, एवढे समजून घ्यावे. औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्याला रविवारी सकाळी साडेआठच्या उपासनेला उशीर झाला म्हणून टोमणा मारणारे लोक प्रत्येक मंडळीत असतात. त्यांना आधीच सांगून ठेवणे हेही सोबत्याचेच काम आहे.

वाचन आणि प्रार्थना

नव्या विश्वासणाऱ्याच्या हाती संपूर्ण पवित्र शास्त्र देऊन ‘वाचत जा’ एवढेच सांगितले, तर तो उत्पत्तीपासून सुरुवात करतो आणि लेवीय येईपर्यंत थकतो. किंवा कोणाच्या तरी सल्ल्याने थेट प्रकटीकरण उघडतो आणि पशूंच्या शिंगांचा हिशेब मांडत बसतो. मार्काचे शुभवर्तमान सर्वांत आटोपशीर आहे. त्याचे १६ अध्याय रोज अर्धा-अर्धा वाचले तरी साधारण महिन्याभरात संपतात. त्यानंतर लूक व प्रेषितांची कृत्ये, मग फिलिप्पैकरांस व याकोबाचे पत्र, आणि यांच्या जोडीला स्तोत्रसंहितेतील २३, ५१, १०३ व १२१ ही स्तोत्रे घ्यावीत. जुना करार टाळू नये, पण तो कथेच्या धाग्याने न्यावा : निर्मिती, पतन, अब्राहाम, योसेफ, मिसरातून सुटका, दावीद आणि बंदिवास. त्यामुळे येशू कोणत्या प्रतीक्षेच्या शेवटी आला, हे त्याच्या ध्यानात येते.

वाचताना तीन साधे प्रश्न पुरेसे असतात : येथे काय घडले, यातून देव कसा दिसतो आणि उद्या सकाळी माझ्या वागण्यात यामुळे काय बदलेल. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना मोबाइलवर शास्त्र ऐकवावे आणि ऐकलेला भाग त्यांच्या शब्दांत सांगायला लावावे. अशा माणसांची स्मरणशक्ती अनेकदा पदवीधरांना लाजवते. नीतिमान ठरणे, प्रायश्चित्त, पवित्रीकरण असे शब्द आपल्या तोंडात इतके रुळलेले असतात की, ते समोरच्याला कळले नाहीत हे आपल्याला कळतच नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून मूळ भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. साध्या बायाबापड्यांना समजावे हाच त्यामागचा हेतू होता. त्यांचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सोबत्याने तेवढे कष्ट घ्यायचे नाहीत, पण एखादे वचन आपल्या गावच्या बोलीत सांगता येते का, याचा घरी सराव जरूर करावा.

प्रार्थनेच्या बाबतीत एक सवय आवर्जून मोडावी लागते. नवा माणूस मंडळीतल्या वडीलधाऱ्यांची लांब, अलंकारिक प्रार्थना ऐकतो आणि आपल्याला असे बोलता येणार नाही म्हणून गप्प राहतो, किंवा महिन्याभरात तीच वाक्ये पाठ करून म्हणू लागतो. त्याला प्रभूची प्रार्थना शिकवावी आणि त्यापुढे स्वतःच्या भाषेत दोन-तीन वाक्ये बोलायला सांगावे. ‘देवा, उद्या साहेबासमोर खोटं बोलायची वेळ आली तर मला धीर दे’ ही पूर्ण प्रार्थना आहे. सोबत्याने स्वतःची प्रार्थनाही त्याच्यासमोर आखूड ठेवावी.

गाण्याला कमी लेखू नये. गोव्यात साष्टीच्या नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांची जागा घेणारे काही त्यांच्या हाती नव्हते. तसे पुराण आम्हाला द्या, ही त्यांची मागणी फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या काव्याच्या आरंभीच नोंदवली आहे. सुमारे ११ हजार ओव्यांचे त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, ते त्या मागणीचे उत्तर होते. जात्यावरच्या ओवीवर, अभंगावर आणि हरिपाठावर वाढलेल्या माणसाला एकदम परकी चाल आणि परकी वाद्ये दिली तर तो टाळ्या वाजवील, पण एकटा असताना गुणगुणणार नाही. नारायण वामन टिळकांचे अभंग आणि भजने आजही मंडळ्यांत गायली जातात, ती याच कारणाने. नव्या माणसाला पाठ होतील अशी दोन-तीन गीते पहिल्या महिन्यातच शिकवावीत.

घरातली माणसे

सर्वांत अधिक चुका येथे होतात, आणि त्या बहुधा जुन्या विश्वासणाऱ्यांच्या सल्ल्यामुळे होतात. ‘आता तुझे खरे कुटुंब मंडळीच’ हे वाक्य ऐकायला गोड असले तरी म्हाताऱ्या आईच्या एकुलत्या मुलाला ते सांगणे अन्यायाचे आहे. गरसेकरांच्या प्रदेशातला भूतग्रस्त बरा झाला तेव्हा त्याने येशूबरोबर जाण्याची विनंती केली. येशूने त्याला घर सोडून यायला सांगितले नाही, तर आपल्या घरी, आपल्या माणसांकडे परत पाठवले (मार्क ५:१८–१९). नव्या विश्वासणाऱ्याची पहिली साक्ष घरातच असते आणि ती पहिले सहा महिने बहुतांशी मुकी असावी. आईचे औषध वेळेवर आणणे, धाकट्या भावाशी चाललेला वाटणीचा वाद मिटवणे, बायकोच्या हाती पगार पूर्ण देणे, यांतून घराला जे कळते ते पत्रके वाटून कळत नाही.

टिळक दांपत्याचे उदाहरण येथे विचार करण्यासारखे आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तो मोठा आघात होता. त्या काही वर्षे पतीपासून वेगळ्या राहिल्या, पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी लगेच बाप्तिस्मा घेतला नाही आणि १९०० मध्ये, स्वतःच्या मनाने, त्या ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हा काळ कोणतीही सारवासारव न करता लिहिला आहे. पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरील काव्य पूर्ण केले तेही त्यांनीच. जोडीदाराला पाच वर्षे लागू शकतात, आणि कधी कधी तो किंवा ती कधीच येत नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला स्पष्ट सांगितले आहे की, विश्वास न ठेवणारा जोडीदार एकत्र राहण्यास राजी असेल तर विश्वासणाऱ्याने त्याला सोडू नये (१ करिंथ. ७:१२–१३). म्हणून ‘मिस्टरांना कधी आणताय?’ हा प्रश्न दर रविवारी विचारणाऱ्या भगिनींना प्रेमाने थांबवावे.

एक अपवाद मात्र ठामपणे लक्षात ठेवावा. घरात मारहाण होत असेल तर ‘सहन कर, प्रभूही सहन करीत होता’ असा सल्ला देण्याचा अधिकार कोणालाही नाही. अशा वेळी त्या स्त्रीला सुरक्षित ठिकाणी नेणे, महिलांसाठीच्या १८१ या मदत क्रमांकाची माहिती देणे, वकील किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडे तिच्याबरोबर जाणे हे मंडळीचे कर्तव्य आहे.

सणांचा प्रश्न पहिल्याच वर्षी येतो. गणपतीत आई हातावर प्रसाद ठेवते, दिवाळीला बहीण ओवाळायला येते, घरात सत्यनारायण असतो. या बाबतीत मंडळ्यामंडळ्यांत मतभेद आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मूर्तीला दाखवलेल्या अन्नाविषयी पौलाने जे लिहिले (१ करिंथ. ८ व १०), त्यात एका बाजूला ज्ञानाचा ताठा न करण्याचा इशारा आहे आणि दुसऱ्या बाजूला मूर्तिपूजेत सहभागी न होण्याची ताकीद आहे, समोर वाढलेले विचारपूस न करता खावे, पण हे नैवेद्याचे आहे असे कोणी सांगितले तर त्याच्यासाठी खाऊ नये, इतका बारीक विवेक त्यात केलेला आहे. हे अध्याय नव्या माणसाबरोबर बसून वाचावेत आणि निर्णय त्याच्या सद्सद्विवेकावर सोडावा. माझे स्वतःचे मत असे आहे की, पूजेला बसू नये, पण पूजेनंतरची भांडी घासायला, पाहुण्यांना पाणी द्यायला आणि खुर्च्या उचलायला सर्वांत पुढे असावे. नकार द्यायचाच असेल तर तो आईला एकांतात, आदल्या दिवशी आणि हळू आवाजात द्यावा; भरल्या घरात प्रसादाचा हात झटकणे ही ख्रिस्ताची साक्ष होत नाही, तो केवळ आईचा अपमान होतो.

वडिलांच्या मृत्यूनंतरचे दिवस याहून कठीण असतात. अग्नी कोणी द्यायचा, दशक्रियेला बसायचे की नाही, मुंडण करायचे का, हे प्रश्न अशा घडीला उभे राहतात जेव्हा कोणाचेच मन ठिकाणावर नसते. म्हणून सोबत्याने हा विषय आधीच, शांत वेळी, एकदा तरी बोलून ठेवावा. कोणते विधी करणार नाही हे ठरवताना काय काय करणार हेही ठरवावे : दवाखान्याचे बिल, अंत्ययात्रेचा खर्च, तिरडीला खांदा, आलेल्या नातलगांची सोय आणि त्यानंतर आईचा सांभाळ. त्या दिवसांत मंडळीतल्या चार माणसांनी त्या घरी जावे, मागे उभे राहावे आणि कोणी सांगितल्याशिवाय प्रार्थना सुरू करू नये.

पैसा, आजार आणि कागदपत्रे

‘काय मिळालं रे तुला?’ हा प्रश्न प्रत्येक नव्या विश्वासणाऱ्याला विचारला जातो. त्याला स्वच्छ उत्तर देता यावे असे आपले वागणे पहिल्या दिवसापासून असले पाहिजे. बाप्तिस्म्याच्या आधी किंवा बाप्तिस्म्याशी जोडून नोकरी, शाळेतला प्रवेश, पैसे किंवा लग्नाचे स्थळ यांतले काहीही देऊ नये, सुचवूही नये. गरजूला मदत करणे हे मंडळीचे कामच आहे, पण ती मदत विश्वास न ठेवणाऱ्या शेजाऱ्यालाही त्याच मापाने मिळत असेल तरच ती निर्मळ राहते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ ने प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचे आणि धर्म आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याचबरोबर प्रसाराच्या या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. कायद्याच्या भीतीपोटी नव्हे, तर शुभवर्तमानाच्या स्वभावामुळेच विश्वास विकत घेता येत नाही, हे आपल्याला आधीपासून माहीत असायला हवे.

आजाराविषयी तर अधिकच सावध राहावे. आपल्याकडे अनेक जण प्रार्थनेने बरे वाटले म्हणून मंडळीत येतात आणि याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी वडिलांनी प्रार्थना करावी असे सांगितलेही आहे (५:१४). परंतु मधुमेहाच्या गोळ्या, क्षयाचा औषधक्रम, मिरगीचे किंवा मानसिक आजाराचे औषध डॉक्टरांना न विचारता बंद करायला लावणे हा विश्वास नाही, तो दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. दारूच्या व्यसनातून येणाऱ्यांच्या बाबतीतही प्रार्थनेबरोबर उपचार आणि समूहाचा आधार लागतो. १९८६ पासून पुण्यात काम करणारे मुक्तांगण किंवा गावोगावच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा यांची माहिती सोबत्याजवळ असावी. पुन्हा एकदा पिऊन आला म्हणून त्याच्या विश्वासाचा पंचनामा करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे जावे.

कागदपत्रांचा विषय बोलायला अवघड आहे, म्हणून तो टाळला जातो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्मीयांना, १९५६ पासून शीखांना व १९९० पासून बौद्धांनाही मिळतो. ख्रिस्ती झालेल्यांना तो मिळत नाही. अनुसूचित जमातींच्या बाबतीत धर्माची अशी अट नाही. बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीला शिष्यवृत्ती, नोकरी किंवा राखीव जागेवरील निवडणूक यांच्या संदर्भात याचा काय परिणाम होतो, हे बाप्तिस्म्याच्या आधी सांगणे आणि जाणकार वकिलाकडे पाठवणे हा सरळपणाचा भाग आहे. दलित ख्रिस्ती लोकांवर यात अन्याय होतो असे आपल्यापैकी अनेकांना वाटते आणि त्यासाठी सनदशीर लढाही चालू आहे. पण लढा चालू आहे म्हणून नव्या माणसापासून वस्तुस्थिती लपवून ठेवू नये.

व्यासपीठावर चढवण्याची घाई

एखाद्याचे आयुष्य ठळकपणे बदलले की, त्याला लगेच साक्ष द्यायला उभे करण्याचा मोह होतो. पौलाने तीमथ्याला लिहिताना नवशिक्याला अध्यक्षपद देऊ नये, कारण तो गर्वाने फुगेल, असे बजावले आहे (१ तीमथ्य ३:६), आणि माइक हातात देण्यालाही हे बऱ्याच अंशी लागू पडते. साक्ष पहिल्यांदा दिली जाते तेव्हा ती खरी असते. दहाव्या सभेपर्यंत पूर्वायुष्यातली पापे थोडी मोठी आणि चमत्कार थोडे अधिक झगझगीत झालेले असतात, आणि टाळ्या मिळतात त्या नेमक्या वाढवलेल्या भागाला. पहिल्या वर्षी साक्ष चार-सहा जणांच्या घरगुती प्रार्थनासभेतच द्यावी, बढाई आढळली तर सोबत्याने एकांतात ती निदर्शनास आणावी. त्याचा फोटो किंवा व्हिडिओ त्याला विचारल्याशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नये. मंडळीच्या दृष्टीने ती आनंदाची बातमी असते, पण त्याच्या गावात त्याच चित्रामुळे त्याच्या वडिलांची दुकानदारी बंद पडू शकते. निकदेम हा यहुदी पुढारी येशूकडे रात्री आला होता आणि येशूने त्याला दिवसा येण्याची अट घातली नव्हती. पुढे क्रूसावरून उतरवलेल्या देहासाठी गंधरस आणि अगरू घेऊन तो उघडपणे आला (योहान ३ व १९).

काम मात्र लगेच द्यावे. चटया घालणे, आजाऱ्याच्या घरी डबा पोचवणे, नाताळच्या फेरीत मुलांना सांभाळणे, गीतांची पाने झेरॉक्स करून आणणे अशा कामांत तो आपोआप मंडळीचा होतो.

शंका आल्या तर

सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास पहिला आनंद ओसरतो. प्रार्थना कोरडी वाटते, जुन्या मित्रांची आठवण येते, मंडळीतली भांडणे दिसू लागतात. याला सैतानाचे कारस्थान म्हणून हाकलण्यापूर्वी ऐकून घ्यावे. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळले, असे त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवले आहे. एवढी विदुषी आठ वर्षे शोधत राहिली, तर आपल्या गल्लीतल्या रिक्षावाल्या भावाला आठ महिन्यांत सर्व उमगावे हा हट्ट का? ‘माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला मदत कर’ या अर्थाचे, भूतग्रस्त मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापाचे उद्गार (मार्क ९:२४) शंकेच्या काळात रोज म्हणावेत असे आहेत.

उत्तर येत नसेल तर ‘मला ठाऊक नाही, विचारून सांगतो’ असे म्हणावे आणि खरोखरच पुढच्या आठवड्यात सांगावे. पापाची कबुली ऐकण्याची वेळ आली तर ती ऐकलेली गोष्ट प्रार्थनेच्या विनंतीच्या रूपाने व्हॉट्सॲप गटावर जाता कामा नये. हा विश्वासघात आपल्याकडे इतक्या सहज घडतो की, कित्येक जण त्यानंतर कोणाहीजवळ तोंड उघडत नाहीत. गुन्ह्याची किंवा लहान मुलाला धोका असल्याची बाब मात्र गुप्त ठेवू नये, आणि ऐकण्याआधीच तसे सांगावे.

सोबत करणाऱ्याचे स्वतःचे घर

येथवर सांगितलेले सारे तंत्र निष्फळ ठरते ते सोबत्याच्याच वागण्यामुळे. पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो की, कोणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस काम करून सुवार्ता सांगितली (१ थेस्स. २:९), तो तंबू शिवत असताना ज्यांनी त्याला पाहिले, त्यांना त्याच्या शिकवणीचा अर्थ वेगळा सांगावा लागला नसेल. नव्या माणसाला आपल्या घरी जेवायला बोलवावे, पण खास पाहुण्यासारखे नव्हे. मुलांचे अभ्यासावरून ओरडणे, नवरा-बायकोचा मतभेद आणि त्यानंतर मागितलेली माफी हे सारे त्याला दिसू द्यावे. सोबती व्याजाने पैसे फिरवत असेल, दुकानात माप मारत असेल, मोलकरणीला वेगळ्या कपात चहा देत असेल, तर शास्त्राभ्यास कितीही चांगला झाला तरी नवा माणूस त्या कपाकडून अधिक शिकतो.

मंडळीचेही तेच. नव्या भावाला आडून आडून ‘मूळचे कोणते?’ असे विचारणे, ख्रिस्ती स्थळांच्या जाहिरातींत पूर्वीच्या जातीची सूचक खूण ठेवणे, हुंड्याला ‘मुलीच्या बापाची हौस’ म्हणणे आणि ट्रस्टच्या निवडणुकीत एकमेकांवर खटले भरणे, हे सारे त्याच्या लक्षात येते. याकोबाने सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा देणाऱ्या मंडळीला फटकारले आहे (२:१–४). आपल्याकडे अंगठीऐवजी आडनाव पाहिले जाते एवढाच फरक. सोबत्याने यावर पांघरूण घालू नये. ‘होय, हे चूक आहे आणि आम्ही ते पंचांपुढे मांडले आहे’ असे सांगता यावे, म्हणजे आधी ते पंचांपुढे मांडावे लागेल.

येणे बंद झाले तर

पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर सुवार्तेच्या प्रवासाला निघालेला योहान मार्क पंफुल्यातून अर्ध्या वाटेवर परत गेला, त्याला पुन्हा बरोबर घेण्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात तीव्र मतभेद झाला आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. काही वर्षांनी तोच पौल ‘मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे’ असे तुरुंगातून लिहितो (२ तीमथ्य ४:११). म्हणून सलग दोन रविवार एखादा दिसला नाही तर तिसऱ्याची वाट पाहू नये. फोनवर ‘का आला नाहीस?’ असे न विचारता संध्याकाळी घरी जावे, बरोबर एकच माणूस न्यावा, घरच्यांशीही बोलावे. वर्गणी, हजेरी आणि कोणी काय म्हटले हे विषय काढू नयेत. तो चिडला असेल तर चिडू द्यावे. मंडळीतल्या कोणाच्या वागण्याने दुखावला असेल, तर त्या व्यक्तीला त्याच्याकडे घेऊन येण्याची जबाबदारी आपली. त्याने आपण परत येणार नाही असे सांगितले, तर वाद न घालता त्याचा निर्णय ऐकून घ्यावा, चहा घ्यावा आणि पुन्हा कधी आलेले चालेल हे त्यालाच विचारून निघावे.